तेपे

खेळ विकत घेऊन अडीच महिने झाले,
अजून खेळलो नाही.

आधी पाणी बदललं.
मूळचं वाईट नव्हतं, पण फार निळं,
आणि मी बळ्ळारी नाल्याकाठी वाढलोय.
मग गवत. गवतावरचा वारा वेगळा, तो नंतर.
मग माणसांचे चेहरे, चेहऱ्यांना दाढ्या,
दाढ्यांमुळे शिरस्त्राणातून बाहेर आलेल्या हनुवट्या
परत आत ढकलणारी एक छोटी फाईल,
कुणा अनोळखी भल्या माणसानं पहाटे चारला बनवलेली.

एकशे एकोणचाळीस मॉड.
वडगावात, माडीवरच्या खोलीत.
खाली चार माग खडखडतात,
वर डाउनलोडचा पट्टा सरकतो,
हेस्कॉमनं लाईट काढली की दोन्ही एकदम गप्प.
त्या गप्पपणात जिन्यातून आईचा आवाज येतो,
"खेळालास काय रे?"
"नाही गं, लावालोय अजून."
"दोन महिने लावालास की!
एवढ्यात चाळीस साड्या उतरल्या."

बेचाळीस. हिशेब मीच लिहितो.

क्रम लावावा लागतो. कोण आधी, कोण नंतर.
दोघांनी एकाच जागेला हात घातला
तर शेवटी येईल त्याचं खरं.
आधीचा भांडत नाही, लाल अक्षरं येत नाहीत,
तो नुसता दिसेनासा होतो.

माझं अडलं नदीकाठच्या एका गावापाशी.
एका मॉडनं ते उत्तरेच्या सरदाराला दिलेलं,
दुसऱ्यानं दक्षिणेच्या राणीला.
दोघांनी आपापली विहीर खणली,
वेशीवर आपापल्या नावाची पाटी ठोकली.
दोन्ही एकत्र चालू केले
आणि जमिनीची शिवण उसवली.
फटीतून खाली आभाळ दिसत होतं.
एक दार हवेत उभं, मागे घर नाही.
लोहार गुडघ्यापर्यंत ओट्यात रुतून नाल ठोकत होता.
पाटीजवळ गेलो की खेळ बंद पडायचा.
बरोबर पाटीजवळच.

हसू नका. मी इथलाच आहे,
माझं हसून झालंय.

बैलहोंगलला ईरण्णाला फोन लावला.
पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो.
तो मराठीत नदीला अजून 'तो' म्हणतो,
मी कन्नडमध्ये म्हशीला बायकांचं क्रियापद लावतो.
म्हणाला, "एक काढून टाक की."
"कुठलं?"
बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.
"थांब. तेपे हाकतेनी."

तेपे म्हणजे ठिगळ.
शाळेच्या चड्डीला आई लावायची ते,
रंग जुळला तर जुळला.

तीन रात्री तो जमीन वर-खाली करत बसला.
मी इकडून सांगायचो,
"विहिरीपाशी फट आहे अजून. बोटभर."
"तुझं बोट का माझं?"

चौथ्या दिवशी फाईल आली, अकरा केबी.
लोहार ओट्यातून वर आला.
विहिरी दोन्ही राहिल्या, एकीवर झाकण आहे,
कुठल्या ते सांगणार नाही.
दाराला त्यानं घर दिलं, रिकामं.
पाटी मात्र काढली.
"नुसता खांब ठेवलाय. पाटीपाशीच मरालंय ते."
आणि खांबाच्या वर, पाच हात हवेत,
एक शेळी तरंगते.
ती कुठल्या मॉडमधली, दोघांनाही सापडली नाही.
"काढू?" त्यानं विचारलं.
"बिडु, इरली," मी म्हणालो.
"राहू दे तर राहू दे."

काल पहिल्यांदा खेळलो.
खिशात राणीचं पत्र होतं,
डोंगरापलीकडे युद्ध ताटकळत होतं.
मी नदी ओलांडून खांबापाशी गेलो
आणि शेळीखाली उभा राहिलो.
पाणी गढूळ, हवं होतं तसं.
वारा गवताला एक क्षण उशिरा पोचत होता,
तेवढं बघायला हवं.
लोहारानं हातोडा खाली ठेवला, माझ्याकडे वळला,
काहीतरी बोलायला तोंड उघडलं

आणि खाली माग थांबले.

सेव्ह करायचं राहिलं.